पास मिळतोय म्हणून हिरा तिथेच घ्यायचा का?

पत्र : आमच्या लेकीचं लग्न डिसेंबरात आहे. तिच्यासाठी एका हिऱ्याची अंगठी आणि सात-सात हिऱ्यांच्या कुड्या करायचं ठरलंय. दोन्ही मिळून अडीच लाखांच्या वर जायचं नाही. माझ्या दिरांचा दागिन्यांच्या डब्यांचा व्यवसाय आहे, त्यामुळे मुंबईत भरणाऱ्या हिरे-दागिन्यांच्या मोठ्या प्रदर्शनाचा पास त्यांना मिळतो. ते म्हणतात, ‘वहिनी, तिथे होलसेल भाव असतो, दुकानाची पायरी चढू नका.’ इकडे नाशकातच एका हॉटेलात तीन दिवसांचं प्रदर्शन लागणार आहे. ‘थेट कारखान्यातून, घडणावळीवर ४० टक्के सूट’ अशी जाहिरात आहे. धाकटा भाऊ अमेरिकेत फिनिक्सला असतो, तो म्हणतो टुसॉनच्या खड्यांच्या मेळ्यातून आणतो. आणि आमचे नेहमीचे सराफ म्हणतात, प्रदर्शनं म्हणजे नुसता भपका. कोणाचं ऐकावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, सराफांचा स्वार्थ उघड आहे, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेलं कोणाला आवडतं? पण स्वार्थी माणूस दरवेळी चुकीचंच बोलतो असं नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. प्रदर्शनाला जरूर जा, लेकीलाही घेऊन जा, भरपूर बघा, घालून बघा. हिरा मात्र तिथे घेऊ नका. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रातली तिन्ही प्रदर्शनं वेगवेगळ्या जातीची आहेत आणि ‘प्रदर्शन’ या एका नावाखाली त्यांची सरमिसळ झाली आहे.

आधी दिरांचा पास. मुंबईतलं सगळ्यात मोठं प्रदर्शन म्हणजे आयआयजेएस, इंडिया इंटरनॅशनल ज्वेलरी शो. जेम अँड ज्वेलरी एक्सपोर्ट प्रमोशन कौन्सिल ते भरवते, आणि अलीकडच्या वर्षांत ते बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड सेंटरमध्ये आणि गोरेगावच्या नेस्कोत असं दोन ठिकाणी भरतं. ते जुलै-ऑगस्टात का असतं, हे लक्षात आलं की निम्मं कोडं सुटतं. देशभरचे सराफ दिवाळीची आणि लग्नसराईची खरेदी तेव्हा ठरवतात. काचेत मांडलेला दागिना पुष्कळदा नमुना असतो. सराफ तो बघतो, ‘या डिझाइनचे अमुक नग, तमुक वजनात’ अशी ऑर्डर लिहून देतो, माल नंतर येतो. होलसेल भाव खरा आहे, पण तो गठ्ठ्याचा भाव आहे. एका अंगठीसाठी तो मिळत नाही, आणि मिळालाच तर ‘ओळखीखातर’ म्हणून जो सांगतील तो खरंच होलसेल आहे की नाही, हे तुम्हाला आणि तुमच्या दिरांना कळायला मार्ग नाही. डब्यांच्या धंद्यात मुरलेला माणूस हिऱ्यात मुरलेला असतोच असं नाही. हे दिरांना सांगू नका हवं तर.

शिवाय हे प्रदर्शन व्यापाऱ्यांपुरतं आहे. पास फर्मची कागदपत्रं दाखवून त्या-त्या माणसाच्या नावाने निघतो. म्हणजे तुम्ही आत जाणार नाही, दीर एकटे जाणार आणि फोनवर फोटो पाठवणार. हिरा फोटोवरून पसंत करायचाच असेल, तर त्यासाठी गोरेगाव कशाला गाठायचं?

याहून मोठी अडचण बिलाची. तिथला माल दिरांच्या फर्मच्या नावावर, त्यांच्या जीएसटी नंबरवर निघेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुन्हा विकण्यासाठी किंवा धंद्यासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार हा ‘ग्राहक’ धरला जात नाही. उद्या खडा सांगितल्यापेक्षा हलका निघाला, तर कागदोपत्री एका व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याकडून माल घेतलेला असेल आणि तुमचं नाव कुठेच नसेल. ग्राहक आयोगात जायची वेळ कोणावर येऊ नये, पण ती वाट आपल्या हाताने कशाला बुजवायची? त्यात मामला घरातल्या माणसाचा. लग्नाच्या दिवशी दिरांनी आणलेल्या अंगठीबद्दल कोणी ‘जरा पिवळसर वाटते नाही?’ म्हटलं, की पुढची दहा वर्षं ते वाक्य प्रत्येक हळदी-कुंकवाला निघणार.

आता हॉटेलातलं प्रदर्शन. हे आपल्यासारख्यांसाठीच असतं, त्यामुळे इथे जास्त वेळ घालवू.

‘घडणावळीवर ४० टक्के सूट’ याचा हिशेब करून बघा. समजा एक अंगठी दीड लाखाची आहे आणि तिच्यात घडणावळ १५ हजारांची आहे. सूट मिळाली ६ हजारांची, म्हणजे एकूण किमतीच्या ४ टक्के. सोन्याच्या बांगड्यांत घडणावळ हाच सौदा असतो, कारण सोन्याचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो आणि दुकानदाराला हात मारायला दुसरी जागा नसते. हिऱ्याच्या दागिन्यात तसं नाही. तिथे मोठा आकडा हिऱ्याचा, आणि त्याचा भाव रोजच्या वर्तमानपत्रात छापून येत नाही. समजा अंगठीत बारीक हिरे मिळून ६० सेंटचे आहेत. त्यांचा दर एकाने कॅरेटला ५५ हजार लावला आणि दुसऱ्याने ७५ हजार लावला, तर इथेच १२ हजारांचा फरक पडला. सहा हजारांची सूट त्यात दोनदा जिरली. म्हणून सूट कशावर आहे हे विचारण्याआधी हिऱ्याचा दर काय लावलाय ते विचारा. जो दर सुटा करून सांगत नाही, नुसती ‘एकूण किंमत’ सांगतो, त्याच्या टेबलावरून उठायचं.

सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग, आणि एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. हे दोन आकडे डोक्यात असले की बरंच काही तपासता येतं. एकूण वजन ४.२० ग्रॅम आणि हिरे एक कॅरेटचे, तर सोनं ४ ग्रॅमच हवं. बिलात ४.२० ग्रॅमवर सोन्याचा भाव लावला असेल, तर हिरे तुम्ही दोनदा विकत घेतले, एकदा हिरे म्हणून आणि एकदा सोनं म्हणून. हिऱ्याचा दागिना बहुधा १८ कॅरेटमध्ये असतो (हे कॅरेट वजनाचं नाही, सोन्याच्या शुद्धतेचं), म्हणजे सोनं ७५ टक्के, शिक्का ७५०. भाव २२ कॅरेटचा लावला नाही ना, तेही बघा.

प्रदर्शनात हमखास होणारी आणखी एक गल्लत म्हणजे ‘अर्ध्या कॅरेटची अंगठी’. ती अर्ध्या कॅरेटच्या एका हिऱ्याची असू शकते किंवा दोन-दोन सेंटच्या पंचवीस बारीक हिऱ्यांची. वजन सारखं, किंमत अजिबात सारखी नाही. हिरा जितका मोठा तितका त्याचा कॅरेटमागचा दर चढत जातो, कारण मोठा स्वच्छ खडा दुर्मीळ असतो. बारीक हिऱ्यांचं फूल करून लांबून एकच खडा दिसावा अशी घडण हल्ली फार छान करतात. दिसायला ती वाईट नाही, पण तिला एका खड्याचा दर द्यायचा नाही.

मग दिवे. या हॉलमधले दिवे हिऱ्यासाठीच निवडलेले असतात, छोटे, टोकदार, पांढरेशुभ्र. त्यांच्याखाली सुमार कापाचा हिराही लखलखतो. रंगाची किंचित पिवळट झाक तर तिथे दिसणारच नाही. हिरा बघायचा तो दिवसाउजेडी, उन्हात नाही, खिडकीपाशी सावलीत, पांढऱ्या कागदावर आडवा ठेवून. हॉटेलच्या बँक्वेट हॉलला खिडकी असते का? असली तरी पडदे ओढलेले असतात. मला विचाराल तर तिथे हिरा न घ्यायला एवढं एकच कारण पुरे आहे.

स्टॉलवर कोणी पेनासारखं यंत्र हिऱ्याला टेकवून ‘बघा, वाजलं, अस्सल’ म्हणेल. ते यंत्र खड्यातून उष्णता किती पटकन जाते एवढंच बघतं. काच आणि अमेरिकन डायमंड त्यात पकडले जातात. पण प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तिथेही ‘अस्सल’च ठरतो, कारण तो कार्बनचाच असतो, आणि मॉयसनाइट नावाचा खडाही अशा साध्या यंत्राला चकवतो. त्या बीपवर लाखभर रुपये लावू नका.

लॅबग्रोन, म्हणजे असा प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा, घ्यावा का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण प्रदर्शनात तुम्हाला तो मोह होईलच, म्हणून सांगते. अडीच लाखांत नैसर्गिक हिरा शेंगदाण्याहून लहान दिसेल आणि शेजारच्या स्टॉलवर तेवढ्यात किंवा त्याहून कमी पैशांत टपोरा लॅबग्रोन ठेवलेला असेल. तो खोटा नाही. लेकीला मोठा खडा हवा असेल आणि पुढे मोडायचा विचार नसेल, तर खुशाल घ्या. पण त्याचे भाव गेल्या काही वर्षांत धडाधड उतरले आहेत, त्यामुळे ‘गुंतवणूक’ हा शब्द जो वापरेल त्याच्याकडून घेऊ नका. बिलावर ‘लॅबग्रोन’ आणि नैसर्गिक असेल तर ‘नैसर्गिक’ असं स्पष्ट लिहून घ्या. खरी काळजी कुड्यांच्या बारीक हिऱ्यांची. नैसर्गिक म्हणून विकलेल्या बारीक मालात लॅबग्रोन मिसळलेले सापडणं, ही खुद्द हिरे बाजाराची डोकेदुखी आहे. दोन-चार सेंटच्या खड्याला कोणी स्वतंत्र सर्टिफिकेट काढत नाही. तिथे विकणाऱ्याची पत हेच सर्टिफिकेट, आणि पत बघायला तो माणूस पुढच्या महिन्यातही जागेवर सापडायला हवा.

प्रदर्शनाचं खरं दुखणं मला तिथेच दिसतं. हिऱ्याची अंगठी घेऊन विषय संपत नाही. लग्नापर्यंत बोटाचं माप बदलतं, खडा धरून ठेवणारा एखादा पंजा सैल होतो, कुडीची फिरकी हरवते, वर्षभराने खडा एकदा तपासून घ्यावा लागतो, कधी मोडून दुसरं काही करावंसं वाटतं. स्टॉलवाला रविवारी रात्री सामान गुंडाळून सुरतेला किंवा जयपूरला गेलेला असतो. ‘लाइफटाइम बायबॅक’ असं कार्डावर छापलेलं असेलही, पण ते कुठे येऊन वसूल करायचं? घ्यायचंच झालं तर बिलावरचा त्यांचा कायमचा पत्ता बघा. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात, महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४, राजस्थानचे ०८. प्रदर्शनापुरती तात्पुरती नोंदणी काढायची सोय कायद्यात आहे, त्यामुळे २७ दिसलं म्हणजे दुकान नाशकातच आहे असं समजू नका. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नाव-गाव दिसतं. एक दिलासा मात्र आहे. नव्या ग्राहक कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, जयपूरला खेटे घालावे लागत नाहीत. पण त्यासाठी पक्कं बिल हवं. ‘बिल नको असेल तर ३ टक्के वाचतील’ असं कोणी म्हणालं तर तो तुमचा जीएसटी वाचवत नाहीये, स्वतःची मान सोडवून घेतोय. आणि २ लाख किंवा त्यावरची रक्कम रोखीने घ्यायला त्याला कायद्याने बंदीच आहे.

टुसॉनचं थोडक्यात सांगते. ॲरिझोनातलं ते गाव जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत खड्यांनीच भरून जातं. तिथे एक नाही, डझनावारी प्रदर्शनं एकाच वेळी चालतात, काही फक्त व्यापाऱ्यांसाठी, बरीचशी सगळ्यांना खुली. पण त्या मेळ्याची मूळ शान रंगीत खड्यांची, खनिजांची, जीवाश्मांची. पुष्कराज, टूर्मलीन, ओपल यांचा शौक असेल तर भावाचा हेवा करावा. हिऱ्यासाठी मात्र तिकडे बघण्यात अर्थ नाही. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात, ते मुंबईच्या भारत डायमंड बोर्स या हिरे बाजारातून जगभर जातात. नाशिकहून तीन-चार तासांवरचा माल टुसॉनहून आणायचा, वर मुंबई विमानतळावर कस्टम्सला तोंड द्यायचं, आणि तेही लग्न उरकल्यावर, कारण मेळा फेब्रुवारीत. भावाला म्हणावं, आहेर दुसरा काहीतरी कर.

मग करायचं काय? तुमच्या सराफांनाच एक शब्द ऐकवा : जांगड. हिरे बाजारात माल जांगडवर फिरतो. म्हणजे एक व्यापारी दुसऱ्याला चिठ्ठीवर माल देतो, ‘दाखवा, खपला तर पैसे, नाही तर परत’. नाशिकचा चांगला सराफ मुंबईहून दोन-तीन खडे असे मागवू शकतो आणि तुमच्यासमोर ठेवू शकतो. दिरांना जो बाजार पासावर बघायला मिळणार आहे, तोच बाजार तुमच्या सराफांच्या टेबलावर येऊ शकतो, आणि तोही खिडकीपाशी. फक्त तुम्ही नेमकं मागितलं पाहिजे. ‘छानसा हिरा दाखवा’ म्हटलं तर दुकानात पडून असलेला दाखवतील. असं म्हणा : गोल, नैसर्गिक, सुटा, जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचा अहवाल असलेला, कट (पैलूंची घडण) एक्सलंट, रंग जी ते आय, शुद्धता व्हीएस टू (डाग असले तरी भिंगातूनच दिसतील असा) किंवा डोळ्यांना डाग न दिसणारा एसआय वन, वजन ४५ ते ४९ सेंट.

४५ ते ४९ का? कारण पन्नासाव्या सेंटला दर उडी मारतो, शंभराव्याला तर मोठीच. व्यासात फरक फार तर एक-दोन दशांश मिलिमीटरचा, तो बोटावर कोणाला कळत नाही. रंगात डी, ई, एफ या सगळ्यात पांढऱ्या श्रेणींसाठी जादा पैसे मोजू नका, पिवळ्या सोन्याच्या कोंदणात आय रंगही पांढराच दिसतो. पैसे कटवर घाला. चमक कटमधून येते.

आणि खडा सुटाच बघा. कोंदणात बसलेल्या हिऱ्याचा रंग, वजन, कडेची खोट अंदाजानेच सांगता येते, म्हणून जीआयए आपला पूर्ण अहवाल सुट्या हिऱ्यालाच देते. अहवालाचा नंबर त्यांच्या संकेतस्थळावर टाकून ताडा. अनेक हिऱ्यांच्या कडेवर हाच नंबर लेसरने कोरलेला असतो, सराफांकडच्या दहापट भिंगातून तो तुमच्या डोळ्यांनी वाचा. मग तुमच्यासमोर तो कोंदणात बसवायला द्या, आणि तयार अंगठी हातात आल्यावर तोच नंबर पुन्हा एकदा वाचून घ्या. सराफांना राग येणार नाही. आला तर तोही एक अहवालच समजा. सोन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरी-आकडी ओळख क्रमांक, एचयूआयडी, असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तपासता येतो. मात्र हॉलमार्क फक्त सोन्याची शुद्धता सांगतो, त्यावरून हिऱ्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. स्टॉलवर ‘हॉलमार्क डायमंड’ असं ऐकू आलं तर हसून पुढे जा.

सराफांकडून बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या : बदलताना हिऱ्याच्या किमतीचे किती टक्के धरणार, सोन्याला त्या दिवसाचा भाव देणार का, आणि माप बदलून देण्याचे पैसे लागतील का. ते देतो म्हणाले आणि लिहायला कचरले, तर दुसरा सराफ बघा. एकनिष्ठा आपण बरीच दाखवली, आता थोडी त्यांची पाळी.

हॉटेलातल्या प्रदर्शनाला मात्र नक्की जा, खरेदीच्या आधी. लेकीच्या बोटात ३० सेंटचा, ५० सेंटचा, ७० सेंटचा असे सगळे खडे एका दुपारी घालून बघता येतील, एवढा साठा गावातल्या एका दुकानात नसतो. कुड्यांच्या जुन्या घडणीतले वेगवेगळे नमुनेही दिसतील. हिऱ्यांचे दर विचारून वहीत टिपा, तीन स्टॉलवर तोच प्रश्न विचारला की आकडे आपोआप बोलायला लागतात. तेच आकडे घेऊन सराफांकडे जा. एक अपवाद ठेवते : एखाद्या कारागिराची पोलकी (पैलू न पाडलेल्या हिऱ्यांची) किंवा जडावाची घडण मनात भरली आणि ती नाशकात मिळत नसेल, तर ती तिथूनच घ्यावी लागेल. पण पोलकीच्या पोटात लाख भरलेली असते, तिचं वजन सोन्यात धरू देऊ नका. आणि जाताना कार्ड घरी ठेवा, यूपीआयची मर्यादाही खाली आणून ठेवा. ‘आज शेवटचा दिवस’ हे वाक्य पहिल्या दिवशीही म्हणतात.

दिरांना नाराज करायची गरज नाही. त्यांना सांगा, अंगठी आणि कुड्यांसाठी डबी तुमच्याकडचीच हवी, सगळ्यात चांगली मखमलीची. आणि सराफांकडे खडे जांगडवर आले की बघायला बरोबर या. घासाघीस करणारा एक माणूस लागतोच, आणि ते काम त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं जमेल. फक्त दिवाळीच्या आधी जा. दिवाळीनंतर कारागीर हाताशी लागत नाहीत, आणि कुड्यांना घाईघाईत बसवलेला हिरा पहिल्याच मंगळागौरीत निखळतो.